एका नावाच्या दोन खुर्च्या

ती घटना आठवली की आजही हसू येतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजचे प्राचार्य माझ्या पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन आले. वसतिगृहाच्या यादीतून गुणांवर लागलेल्या सहा मुलींची नावं गायब झाली होती. त्या जागी दुसरीच सहा. बदल झाला होता गडमुडशिंगीहून येणाऱ्या क्लार्क बाईंच्या लॉगिनवरून. त्यांना कायम करण्याची ऑर्डर सहीला तयार होती. ती थांबली.

बाईंचा जबाब घेतला. रडल्या नाहीत. "साहेब, लबाडी करायची तर स्वतःच्या नावानं कशाला करीन?" एवढंच म्हणाल्या. मला पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

धागा दिला कॉलेजच्या शिपाईमामांनी. पंचनाम्याच्या वेळी चहा देताना हळूच म्हणाले, "पासवर्ड कॅलेंडरच्या मागं लिवलेला हाय की. समद्यास्नी ठावं हाय." कुणी रजेवर गेलं तर काम अडू नये म्हणून! कपाटाची किल्ली खिळ्याला असते, तसं. शिवाय एकाच नावानं दोन संगणकांवर खुशाल बसता येई आणि नोंद राही ती फक्त नावाची आणि वेळेची.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. संगणक कळत नव्हता, पण चार्ज कळत होता. कॉलेजचा प्रोग्रॅम करणाऱ्या इंजिनिअरला सांगितलं, "ठाण्याचा चार्ज एका वेळी एकाकडेच असतो. दुसऱ्यानं घेतला की पहिला मोकळा. तसं करा." त्यानं दोन दिवसांत केलं. बाईंना बजावलं, स्क्रीन बंद पडली की गुपचूप पुन्हा लॉगिन करायचं.

तिसऱ्या दिवशी मी साध्या वेशात ऑफिसात बसलो. दुपारी बाईंची स्क्रीन गेली. त्या पुन्हा आत गेल्या. पुन्हा बाहेर. असं पाच वेळा झालं आणि वसतिगृहाचे रेक्टर तणतणत आले ते थेट इंजिनिअरवर.

"काय राव, कसला प्रोग्रॅम केलाय? आत जातोय तवर भाईर काढतंय."

मी विचारलं, "पावणं, कुणाच्या नावानं आत जात होता?"

शिपाईमामांनी अदबीनं खुर्ची पुढं केली.

ओळखीच्यांच्या मुलींसाठी केलं आणि आणखी एक नाव घुसवायला परत बसलो होतो, हे त्यांनी जबाबात कबूल केलं. सहा नावं परत आली आणि बाईंच्या ऑर्डरवर माझ्यासमोर सही झाली.

त्या दिवसापासून एक शिकलो. गुन्हेगाराच्या मागं दरवेळी पळावं लागत नाही. त्याची खुर्ची काढली की तोच तक्रार घेऊन येतो.

बाईंनी कॅलेंडरमागचा कागद फाडला, तेव्हा शिपाईमामा म्हणाले, "आता रजा काढायची पंचाईत झाली की, बाई."