अबोल्याचे दोन दिवस

१९६६ साल. माझं वय अठ्ठावन्न. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – सख्ख्या भावाला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. दुसरीतून शाळा सोडलेला माणूस मी, लिहायला वेळ लागतो. पण तोंडानं सांगायला बसलो असतो तर अर्ध्यावर गिळलं असतं.

उमरोळीला मेव्हण्याकडे साखरपुडा होता. मी म्हटलं, जाणार नाय. माझी बायको सखू म्हणाली, "नाय ना येत? मंग माझ्याशी बोलू पण नका." आमच्या घरात अबोला नवा नव्हता. आणि आधी बोलेल तो हरला, हा माझा कायदा.

दुसऱ्या दिवशी ती गप्प. चहाचा कप हातातून पडला. मला वाटलं, रागानं आपटला. खरंच वाटलं. पण संध्याकाळी? संध्याकाळी ती उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवत होती. तोंडाची एक बाजू उतरली होती. तुम्ही म्हणाल, अडाणी माणूस, कळलं नसेल. कळलं होतं. काय होतंय गं – एवढं विचारायला कितीसा दम लागतो? मी अंगणात जाऊन विडी ओढली.

असे दोन दिवस. तिसऱ्या सकाळी शेजारची जानकी ताक मागायला आली आणि ओरडलीच, "अरे दादा, हिच्या अंगावरनं वारं गेलंय!" बैलगाडीत घालून पालघरच्या दवाखान्यात नेलं. तिथं मी सांगितलं – आज सकाळीच झालं.

जीव वाचला. वाचा गेली.

तीन महिन्यांनी डॉक्टरकी शिकणारी एक मुलगी आमच्या ओटीवर आली. बोईसरला मामाकडे राहून गावोगाव फिरत होती. असा झटका आलेल्या म्हाताऱ्या माणसांचा मेंदू पुन्हा शिकतो का, ते वहीत लिहून घेत होती.

"आजोबा, आजींना दवाखान्यात किती वेळानं नेलंत?"

"लगेच."

"वा! सगळे तुमच्यासारखे असते तर!"

लिहिलं तिनं. सखू समोरच बसलेली – ऐकत. मुलगी म्हणाली, "आजींना समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. रोज समोर बसून एकेक शब्द म्हणा. मेंदू म्हातारा झाला तरी शिकतो, असं मला वाटतं. बोलतील त्या."

बोलतील! आनंद व्हायला हवा होता ना? मला आधी भीती वाटली – बोलायला लागली तर हेच सांगेल. मुलीला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि बोललो भाताच्या पिकाबद्दल. माझं खोटं तिच्या वहीत तसंच राहिलं. त्यावरून तिनं काय हिशेब मांडला असेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर गेलो नाही. सखूला धरून ओटीवर आणलं, अख्खा गाव जातो-येतो तिथंच बसवलं. समोर बसलो आणि तोंड मोठं उघडून म्हटलं, "पाणी."

जानकी हंडा घेऊन चालली होती. हसली. "काय दादा, म्हातारपणी शाळा काढली? माझं पण नाव घाला की!" तारापूरला बांधकामावर निघालेली माणसंही थांबून बघायला लागली. उठून आत जावंसं वाटलं. नाही गेलो.

सखू माझ्या ओठांकडे बघत होती. मी परत म्हटलं, "पाणी."