चैतात मोजलेलं अंतर

वस्तू दुरुस्त झाली, असं मामू कधी म्हणायचेच नाहीत. रेडिओ खणखणीत वाजायला लागला, गिऱ्हाईक खूश होऊन तो पिशवीत घालायला लागलं, तरी मामूंचं आपलं, "आत्ता तरी बोलून राह्यला." गिऱ्हाईक बिचकायचं. "म्हणजे उद्या बंद पडंल?" "उद्याचं उद्या बघू ना भाऊ. आत्ता बोलून राह्यला का न्हाई?" असल्या बोलण्यानं दुकान चालतं का कुठं? पण जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत, धान्याच्या दोन आडत दुकानांमधल्या फटीत, मामूंचं दुकान तीस वर्षं चाललं. मग लोकांच्या घरातले रेडिओच गेले आणि मामू माझ्याकडे कामाला आले.

माझं वर्कशॉप म्हणजे दोन खोल्या आणि चार माणसं. विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर पॅनल आम्ही बनवायचो. मी इंजिनियर, तेव्हा पस्तिशीची, आणि आपल्याला सगळं कळतं अशा भ्रमात असलेली. मामू साठीचे. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हातात मल्टिमीटर दिला, तर त्यांनी तो अदबीनं बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि चालू पॅनलला कान लावला. "रिले गुणगुणून राह्यला बेटा. पत्ती बराबर बसली न्हाई." मी हसले. उघडून पाहिलं तर आतल्या त्या स्विचची पत्ती खरंच नीट बसली नव्हती. त्यानंतर मी हसायचं सोडून दिलं, निदान त्यांच्या तोंडावर तरी.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. पुण्याहून मी एक डेव्हलपमेंट किट मागवलं. खोक्यात तळहाताएवढी दोन हिरवी सर्किट बोर्डं, प्रत्येकावर एक वायरलेस मॉड्यूल, करंगळीएवढ्या अँटेना, केबल, एक सीडी आणि विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. मी पुस्तक घेऊन बसले. मामूंनी पुस्तकाकडं पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही अँटेना हातानं सरळ उभ्या केल्या आणि म्हणाले, "ही उभी तर तीबी उभी पायजे. एक उभा अन् एक आडवा, तर बातचीत कशी होणार?" हेच मला पुस्तकात चाळिसाव्या पानावर सापडलं, तेही तीन दिवसांनी.

त्या किटात रेंज तपासायचा एक प्रोग्राम होता. एक बोर्ड शंभर हाका मारणार, दुसरं प्रत्येक हाकेला ओ देणार, आणि शंभरातल्या किती ओ परत आल्या ते लॅपटॉपवर दिसणार. मी दोन्ही बोर्डं टेबलावर ठेवली, बटण दाबलं, शंभरच्या शंभर आल्या. मी उड्या मारायचीच बाकी होते. मामू म्हणाले, "टेबलावर तर सासू-सुनेचंबी जमतं बेटा. शिवारात चला."

शिवारात जायचं कारणही होतं. भोकरदनच्या अलीकडच्या एका गावात आमचं पॅनल बसवलेलं होतं. पाण्याची विहीर खाली ओढ्याकाठी, आणि टाकी वर टेकाडावर शाळेजवळ. मधे दीड किलोमीटरची शेतं. टाकी भरली की खाली जाऊन मोटार बंद करायची, हे काम कासाबाई करायची. नवऱ्यामागं ग्रामपंचायतीनं तिला दिलेलं काम, तेवढ्यावरच तिचं घर चालायचं. दिवसातून दोनदा उतरायचं, दोनदा चढायचं. आता तिचा गुडघा गेला होता. सरपंच माणूस वाईट नव्हता, पण त्यानं स्पष्टच सांगितलं होतं, "बाईला झेपून न्हाई राह्यलं. दुसरा माणूस पाहावा लागंल." तार टाकून पाहिली होती. ती नांगरानं दोनदा तोडली आणि तिसऱ्यांदा कुणीतरी आतलं तांबं विकायला पळवली. म्हणून मी म्हटलं, बिनतारी बटण बसवून देते, दिवाळीपर्यंत चालवून बघा. चाललं तर कासाबाईचं काम राहील. सरपंच म्हणाला, बघू.

एप्रिलमध्ये आम्ही गेलो. टाकीपाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन मी बसले आणि मामू दुसरं बोर्ड काठीला बांधून विहिरीकडं निघाले. दर शंभर पावलांना थांबून रुमाल हलवायचे, मी हाका मोजून लिहायचे. सरपंचासह दहा-बारा जणं त्यांच्यामागं निघाली होती. त्यांना मामू सारखे मागं हटवत होते. "समोर उभं ऱ्हाऊ नका हो! माणूस म्हंजे पाण्याची पिशवी. आवाज पाण्यात जिरून जातो." लोकांना भारी गंमत वाटली. एकमेकांना पाण्याची पिशवी म्हणत सगळी वरात विहिरीपर्यंत गेली. विहिरीवरून अठ्ठ्याण्णव ओ आल्या. मी टाकीवर एकटीच टाळ्या वाजवल्या.

मामू घाम पुसत वर आले. कासाबाई पायरीवर पाय पसरून बसली होती. तिला ते म्हणाले, "बाई, आता तुम्हाला खाली जावं न्हाई लागणार." बस, एवढंच. "आत्ता तरी" म्हणालेच नाहीत! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून असं पक्कं वाक्य ऐकलं, आणि मला वेडीला त्याचा आनंदच झाला.

एक बोर्ड पंपघराच्या भिंतीवर बसवलं, दुसरं टाकीच्या खोलीत. कासाबाईनं हिरवं-लाल बटण शिकायला दोन मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. मे गेला, जून गेला. एकही तक्रार नाही. मी दोन-तीन गावांत फुशारकीही मारून आले.

सप्टेंबरात सहज चक्कर मारायला गेलो. मोटारसायकलवर पुढं मामू, मागं मी. टाकीपाशी कासाबाई हसून "या, या" म्हणाली, चहा ठेवते म्हणाली. मामू तिच्या पायांकडं बघत होते. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलानं भरलेले. टाकीजवळ तर सगळा मुरूम.

"बाई, खाली गेल्त्या?"

"न्हाई तर," कासाबाई म्हणाली आणि पदर नीट करायला लागली.

मामूंनी स्वतः बटण दाबलं. मोटार बंद झाल्याचा लाल दिवा लागलाच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग हळूहळू सगळं निघालं. पंधरा-वीस दिवस झाले, बटण लागत नव्हतं. कासाबाई रोज दोनदा चिखलातून खाली जाऊन मोटार बंद करत होती आणि कुणालाही बोलली नव्हती. सरपंचाला कळलं तर काम जाईल, ही एक भीती. आणि दुसरं कारण तिनं मामूंकडं न बघता सांगितलं. "तुम्ही म्हन्ले होते जावं न्हाई लागणार. मंग मी जाऊन राह्यले असं कोन्त्या तोंडानं सांगू? तुमचं नाव खराब झालं असतं."

मी टेकाडावरून खाली पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एप्रिलात जिथं उघडी ढेकळं होती, तिथं आता विहिरीपर्यंत मका उभा होता. माणसापेक्षा दीड हात उंच, हिरवागार, पावसानं निथळणारा. सगळं शिवार पाण्याच्या पिशव्यांनी भरलेलं! माणसांना हटवत हटवत आम्ही गेलो आणि पीक कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या नाही, मी तर हे पुस्तकात वाचलेलं. मामूंच्या नाही. आणि मागून आलेल्या त्या दहा-बारा शेतकऱ्यांच्याही नाही, ज्यांनी स्वतःच्या हातानं दरवर्षी तिथं मका पेरला होता. कपाळावर हात मारून घ्यावा नाही तर काय!

मामू सरळ ग्रामपंचायतीकडं चालू लागले. कासाबाई मागून लंगडत, "मामू, नका ना सांगू, मी जाईन खाली, मला सवय हाय," असं काकुळतीनं म्हणत होती. मलाही वाटलं, गुपचूप दुरुस्त करावं, कशाला गाजावाजा? पण मामू थांबले नाहीत. पाच-सहा लोकांसमोर सरपंचाला म्हणाले, "मशीनची गलती न्हाई, बाईची तर बिलकुल न्हाई. बाई रोज चालून तुमचं पाणी सांभाळून राह्यली. गलती माझी हाय. मी चैतात मोजलं अन् भादव्याला विसरलो."

सरपंच म्हणाला, "मका तर माझाच हाय मामू. मंग मी काय झोपा काढत होतो?" सगळे हसले, आणि पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला.

बोअरचे जुने लोखंडी पाइप पंचायतीमागं पडलेले होते. ते पंपघराला उभे आवळले, मक्याच्या तुऱ्यांच्या पार वर. मी म्हटलं, अँटेना वर नेऊ आणि लांब तार खाली सोडू. मामू म्हणाले, तेवढ्या लांब तारेतच अर्धा सिग्नल मरंल, बोर्डच वर चढवू. मग माझ्या जेवणाचा प्लास्टिकचा डबा रिकामा करून त्यात बोर्ड बसवलं आणि वर चढवलं. माझी भाजी मामूंनी कागदावर काढून ठेवली होती, ती गावातल्या कुत्र्यानं खाल्ली.

आता मोजायचं, तर मामू मोजू देईनात. "पाऊस पडू द्या. पानं ओली पायजेत." ऊन चांगलं पडलेलं. सरपंच म्हणाला, आज न्हाई पडायचा. मामू म्हणाले, मंग उद्या मोजू, परवा मोजू. दुपारी तीनला सर आली. तिच्यात भिजत मामूंनी लॅपटॉपवर छत्री धरली आणि कासाबाईला बसवलं. तिनं बटण दाबलं आणि आकडा मोठ्यानं वाचला, "शहाण्णव!" त्यावर मामू म्हणाले, "आत्ता तरी झालं. पण बाई, एकदाबी खाली जावं लागलं तर मला सांगायचं. चुपचाप चालायचं न्हाई."

दिवाळी आली, गेली. कासाबाईचं काम राहिलं. पुढं कितीतरी वर्षं राहिलं. आम्ही तसली बटणं पुष्कळ गावांत बसवली, आणि पीक उभं राहून भिजल्याशिवाय काम पूर्ण झाल्याची सही मी कुठंही केली नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.

मामूंचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांची मुलगी त्यांना परभणीला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या गल्लीत गेले. मला रडू येत होतं, लपवत कशाला बसू? त्यांच्या घराच्या जिन्यात माझ्यापुढं कुणीतरी कठड्याला धरून एकेक पायरी चढत होतं. पाहते तर कासाबाई. गल्लीत धान्याच्या गाड्या लागलेल्या, ऑटो आत येईना, म्हणून ती मोठ्या रस्त्यापासून पायी आलेली.

मी तिचा दंड धरला आणि रागावलेच. "अगं मावशी, एवढा गुडघा दुखतो, निरोप दिला असता तर मी त्यांनाच तुझ्याकडं आणलं असतं ना! एवढं चालायचं कशाला?"

ती धापा टाकत थांबली. म्हणाली, "रोजचं दोन टाइमाचं चालणं वाचवलं त्यांनी माझं. त्यातलं एवढं त्यांच्यासाठी न्हाई चालायचं, तर मंग कुणासाठी चालायचं, ताई?"