छोटे पेंटर आणि काळी चौकट

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी छोटे पेंटर आधी रॉकेलने हात धुवायचा, मग साबणाने. सकाळी तो वडिलांनी आखलेल्या पाट्यांवर रंग भरायचा आणि दुपारी वडशाच्या बाजारातलं आपलं एका खोलीचं कॉम्प्युटरचं दुकान उघडायचा. बाजारातल्या नाटक कंपन्यांच्या ऑफिसांवरच्या बहुतेक पाट्या त्याच्या अब्बांच्या हातच्या. ते बडे पेंटर, म्हणून हा छोटे पेंटर. हे नाव त्याला मुळीच सोसायचं नाही. कोणी तशी हाक मारली की आतूनच ओरडायचा, "पेंटर घरी हाय! इथी मशीनवाला बसते!"

मशीनचे लाड तर विचारू नका. शेजारच्या राइस मिलचा कोंडा उडायचा, म्हणून आईची जुनी ओढणी कॉम्प्युटरवर पांघरलेली असायची. आम्ही धानाच्या बांधीतून, चिखल तुडवत आलेली पोरं. आम्हाला चपला रस्त्यावरच काढाव्या लागत. "काऊन बे, पूजा करतेस का याची?" मी एकदा चिडवलं. त्याने ओढणी सारखी केली. "हे बिघडलं तं मले जिंदगीभर शिडीवर चढा लागन," म्हणाला. बडे पेंटरांनी त्याला बजावून ठेवलं होतं, "एक सीझन देतो तुले. जमलं तं ठीक, नाई तं मशीन वापस अन् ब्रश हाती." सीझन म्हणजे नाटकांचा, दिवाळीपासून थंडी सरेपर्यंतचा.

त्या सीझनचं पहिलं मोठं काम मीच नेलं. आमच्या गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, नाटक होतं, त्याची पत्रकं. तोवर नाटकाची पत्रकं गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर निघत. याने पांढराशुभ्र कागद घेतला, मधोमध आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो टाकला आणि भोवती जाड काळी चौकट काढली. आम्ही दोघंही त्या चौकटीवर जाम खूश होतो. पत्रकं गावोगावी वाटली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावची माणसं खाली माना घालून अध्यक्षांच्या अंगणात येऊन बसली. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "लय चांगला माणूस होता हो." तेवढ्यात अध्यक्ष स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले!

गावभर हसू झालं, पण छोटे पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. बडे पेंटर एवढंच म्हणाले, "ब्रश धुऊन ठेवले हाये." ते ऐकून हा पठ्ठ्या उठला, एक जीप मिळवली, वर भोंगा बांधला, पुढच्या सीटवर अध्यक्षांना बसवलं आणि गावोगाव ओरडत फिरला, "अध्यक्ष जित्ते हायेत हो! सोबतच आणले, पाहून घ्या! अन् नाटकाले या!" मंडप तुडुंब भरला. अर्धी माणसं अध्यक्षांनाच पाहायला आली असावीत. त्यानंतर कंपन्यावाले त्याचं दुकान शोधत येऊ लागले. सीझन संपला तरी मशीन परत गेलं नाही. पुढच्या दिवाळीआधी बडे पेंटर शिडी घेऊन आले आणि पोराच्या दुकानाची पाटी रंगवून गेले. मग दरवर्षीच रंगवू लागले.

पुढे त्याने गडचिरोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला, चंद्रपुरात दुसरं दुकान टाकलं आणि शेवटी वडशात फ्लेक्स छापायचं मशीन आणलं. त्या मशीनने पाट्या रंगवणंच बंद पाडलं. बडे पेंटरांना कोणी बोलवेना. "अब्बाचं काम मीच खाल्लं, गड्या," तो मला एकदा म्हणाला. त्याच्या स्वतःच्या दुकानावर मात्र फ्लेक्स कधी लागला नाही. अब्बांचा हात थरथरू लागला तरी पाटी तेच रंगवायचे आणि हा खाली शिडी धरून उभा राहायचा.

एका पावसाळ्यात बडे पेंटर गेले. दिवाळी तोंडावर आली तसा मी मंडईच्या पत्रकांसाठी वडशाला गेलो. वाटलं होतं, यंदा पाटी तशीच असेल. पण पाटी नुकती रंगवलेली, ओली होती. अक्षरं एका बाजूला कललेली, शेवटची तर जागाच न उरल्याने चेपून बसवलेली. रॉकेलचा वास येत होता. बाजूच्या नळावर तो पाठमोरा उभा राहून बोटं चोळत होता. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "छोटे पेंटर!" लगेच मी जीभ चावली.

त्याने मागे वळून पाहिलं.

"हाव, थांब गड्या," तो म्हणाला, "हात धुऊन येतो."