खिडकीतलं उत्तरायण

घाटकोपरच्या टेकडीवर सुगंधाची एकच खोली, आणि तिला एकच खिडकी, तीही दक्षिणेकडे. "ही यमाची दिशा," म्हणून तिचे सासरे काशीराम कायम नाक मुरडायचे. सुगंधाला मात्र ती खिडकी फार आवडायची. थंडीत दुपारचं ऊन तिच्यातून थेट आत यायचं, आणि ती त्यात विकायला लाटलेले पापड वाळवायची. ऊन कुठवर येतं ते कळावं म्हणून फरशीवर खडूची रेघ मारायची. मार्गशीर्षात रोज रेघ थोडी आत सरकवावी लागे, म्हाताऱ्याच्या खाटेकडे.

डॉक्टरांनी हात टेकले होते. पण सासऱ्यांचा हट्ट एकच. "संक्रांत येयसर मी खंय जावचंय नाय. दक्षिणायनात गेलेल्याक वाट गावत नाय." त्यापायी ते कळा सोसत, डोळे ताणून जागत. झोपेतच जीव गेला तर?

एक दिवस पापड रेघेच्या अलीकडेच सावलीत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. ऊन दोन बोटं मागे हटलं होतं. शेजारच्या अनुपमाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या, त्या म्हणाल्या, "अगं, सूर्य डिसेंबरातच उत्तरेला वळला. संक्रांत जानेवारीत धरतात ती नुसती रूढी."

सुगंधा घरी आली आणि गप्प बसली. आईबापाविना वाढलेल्या तिला या चिडक्या म्हाताऱ्याने लेकीसारखं जपलं होतं. सांगितलं की हे जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर ती सोनेरी पट्ट्यात उडणारी धूळ बघत राही. वाटे, सूर्य असाच अडकून राहावा. पण त्यांचं कण्हणं काही तिला ऐकवेना.

शेवटी एका दुपारी तिने खाट उन्हात ओढली. "मामंजी, ही रेघ बघा. ऊन मागे गेलं. सूर्य केव्हाच वळलाय."

म्हाताऱ्याने बराच वेळ फरशीकडे पाहिलं. "मगे आदी कित्याक नाय सांगलंस?"

"तुम्ही जाल म्हणून."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरा केलंस, बाय." मग कित्येक दिवसांनी त्यांनी डोळे मिटले. ऊन त्यांच्या पायांवरून छातीवर आलं, हळूहळू भिंतीकडे गेलं. ते उठले नाहीत.

भेटायला आलेली माणसं हळहळली. "संक्रांत तोंडावर आली होती हो, थोडक्यात राहिली त्यांची."

"नाही राहिली," सुगंधा म्हणाली. "मीच त्यांना सांगितलं, आता जा." आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.