वाय नसलेला नर

दिवाळीच्या सुट्टीत विभागाला कुलूप लागणार होतं, म्हणून मी माश्या घरी घेऊन आले. माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाच्या माश्या. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात त्या, तिळाएवढ्या. संभाजीनगर ते वैजापूर एसटीत काचेच्या नळ्यांची पिशवी मांडीवर धरून बसले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "औषध आहे का गं?" मी "व्हय" म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या आणि मला खिडकी मिळाली असती, पण हे उतरल्यावर सुचलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मी काय शिकते याबद्दल घरात आदर आहे आणि माहिती नाही. मला हे सोयीचंच होतं, कारण मी शिकते ते नर माशीच्या वृषणाबद्दल. तिथं शुक्रजंतू तयार होताना एक्स आणि वाय गुणसूत्रांवरची कोणती जनुकं जागी असतात आणि कोणती झोपलेली, हे बघायचं. सरांसमोर मी हे न अडखळता सांगू शकते. आईसमोर "माश्यांचा अभ्यास" म्हणते.

आईनं नळीचा वास घेतला. "यात काय घातलंय?"

"रवा आणि गूळ शिजवून."

"म्हंजे शिरा! अन् आपल्या घरातल्या माश्या खरकट्यावर."

भाऊबीजेला आत्या आली. वडिलांना ओवाळून झालं आणि जेवताना तिनं विषय काढला. दादा-वहिनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. वहिनींच्या तपासण्या शहरात व्हायच्या, म्हणून दर वेळी मी सोबत असायचे. वहिनी आत जायच्या, दादा बाहेर बाकावर बसून मोबाईलवर कांद्याचे भाव बघायचा. तो मार्केट यार्डात कांद्याचा व्यापार करतो. रिपोर्ट दर वेळी चांगला यायचा, आणि चांगला आला की घरातले सगळे काळजीत पडायचे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं, पुढच्या वेळी मिस्टरांनाही आत आणा. वहिनींनी मान हलवली होती. घरी त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, मीही नाही.

आत्या म्हणाली, "आमच्या भावकीत एक पोरगी हाये. गरिबाघरची, पण कामाला वाघीण. हिला कुणी हाकलत नाय बरं का. दोघी बहिणीवानी ऱ्हातील."

'ही' म्हणजे वहिनी. त्या तेव्हा आत्याच्याच ताटात पुरी वाढत होत्या. पुरी पडली ती बरोबर वाटीशेजारी.

"कायद्यात बसत नाय ते," वडील म्हणाले.

"कायदा काय पाळणा हलवायला येतो का, दादा?"

वडिलांनी भात मागितला. माझ्या दादानं ताटातल्या करंजीचे तुकडे केले आणि एकही खाल्ला नाही.

आत्याचं बोलणं ऐकून मला राग यायला हवा होता. आधी आला तो विचार असा, की प्रयोग म्हणून ही योजना अगदी बरोबर आहे. मी विभागात हेच करते. नराबद्दल शंका असली की त्याला दुसरी मादी देऊन बघायची. फरक एवढाच की आम्हाला शंका नराबद्दल असते.

जेवण झाल्यावर आत्या माझ्या नळ्यांपाशी आली. तिच्या मनात तोच विषय असणार. एका नळीत अळ्या वळवळत होत्या, शेजारची कोरडी होती.

"ह्यातली माशी वांझ हाये का गं?"

"नाय आत्या. माशी बदलून बघितली. तीनदा बदलली."

"मग?"

"नरच तसा हाये."

पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं, की त्याच माद्या दुसऱ्या नराला दिल्या तेव्हा अळ्या झाल्या. ते मी गिळलं. विज्ञानात अर्धं सांगणं चुकीचं, पण भाऊबीजेच्या दिवशी पूर्ण सांगणंही बरं दिसलं नसतं. आत्या म्हणाली, "माश्यांचं काय खरं!" आणि पान लावायला बसली. दारात चप्पल घालत असलेला दादा मात्र एकाच पायात चप्पल घालून थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माश्यांना नव्या नळीत घालत होते, तेव्हा तो येऊन उकिडवा बसला.

"ह्यो का तो?"

"व्हय."

"दिसायला तर चांगला हाये."

"दिसायला सगळं नीट असतं, दादा. मादीपुढं नाचतो, पंख वाजवतो. फक्त याला वाय नाही." बोलायला लागले आणि मला सरांसमोर असल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून धीर आला. "माशीत नर व्हायला वाय लागत नाही. वाय अंगात बाकी कुठंच काही करत नाही, सगळीकडं नुसतं बसून असतं. काम एकट्या एक्सवर, ते नराच्या अंगात दुप्पट राबतं. पण शुक्रजंतू तयार व्हायच्या वेळी वायवरची जनुकं जागी होतात. ती नसली तर शुक्रजंतू पोहत नाहीत."

"म्हंजे आयुष्यभर नुसतं बसायचं, अन् एकाच कामाला उठायचं."

"हो."

"अन् माणसाचं?"

"माणसाचं असं नसतं. तुला वाय आहेच, त्याशिवाय तू पुरुष झालाच नसतास. पण माणसात दुसरी कारणं असतात. बरीच. काहींवर औषध असतं." मग मी न थांबता म्हणाले, "तपासल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी तुला आत बोलावलं होतं. दोनदा."

"मला कुणी सांगितलं नाय."

"तू बाहेर होतास. भाव पडला होता."

त्यानं नळी उचलून उजेडात धरली. त्या नरानं तेवढ्यात एका मादीपुढं पंख पसरला आणि नाचायला लागला. दादा म्हणाला, "ह्याला कुणीतरी सांगा रे," आणि उठून गेला.

आत्याला त्यानं काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. तिनं निघताना मला शंभराची नोट दिली आणि म्हणाली, "त्या माश्या परत नेताना इथं एकबी ठिऊ नको."

सुट्टी संपली तसे आम्ही तिघं शहरात आलो. क्रांती चौकाजवळच्या तपासणी केंद्रात दादाचं नाव पुकारलं. यार्डात लिलावाला ज्याचा आवाज पलीकडच्या गेटपर्यंत जातो, त्यानं तिथल्या मुलाला इतक्या हळू काहीतरी विचारलं, की त्या मुलाला दोनदा "क्या?" म्हणावं लागलं. मग दादानं मोबाईल वहिनींकडं दिला आणि आत गेला.

वहिनी बाकावर बसल्या, एरवी दादा बसायचा त्याच जागी. जरा वेळानं फोन वाजला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "राहू द्या, नंतर करतील ते." त्यांनी उचलला. यार्डातला कुणी व्यापारी होता, मोठ्यानं बोलत होता.

"ते आत गेलेत," वहिनी म्हणाल्या. "तपासणीला."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाय, माझी नाय. माझ्या झाल्या सगळ्या. त्यांची." मग पदर सारखा करून त्यांनी विचारलं, "कांद्याचं काय म्हणत होतात?"