चंदनला दिलेला गूळ

कासमचाचांचं नाव आधी लिहितो. ते चिंचवडचे नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारे. देवगडकडून मी इकडे आलो तेव्हा शाळा सहावीतच सुटलेली होती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. सांगवीला शर्यतीच्या घोड्यांचा तबेला होता, तिथे चाचांनी माझ्यासाठी शब्द टाकला. आपल्या खोलीत अंथरूण घालायला जागा दिली. पुढे मी रायडर झालो, म्हणजे रोज सकाळी घोडे पळवून त्यांचा सराव घेणारा. पहिल्या दिवशी मला घोड्यावर बसलेलं बघून चाचा म्हणाले होते, "कोकण्या, लगाम हाय तो, वल्हं न्हाई!" त्या माणसाचे उपकार काय आहेत ते पुढे येईलच.

तबेल्याचा पहिला घोडा सुलतान लंगडत होता आणि शर्यतीला चार दिवस उरले होते. ट्रेनरसाहेबांनी त्याचा पाय दोनदा चाचपला आणि नाव मागे घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दामू, चंदन पळेल. मालक शेठचा निरोप आहे. या वेळी जिंकला तर राहील, नाहीतर टांग्याला जाईल."

चंदन मी सांभाळत होतो. रंगाने तांबूस, अंगाने लहान, पण पळायला लागला की पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. दुसऱ्या कुठल्या तबेल्यात असता तर तोच पहिला घोडा ठरला असता. इथे त्याच्या शेजारच्या खणात सुलतान होता. सुलतानच्या नावावर लोक लांबून यायचे. चंदन त्याच्यामागे दुसरा यायचा, आणि दुसऱ्या घोड्याचं नाव घरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दिघीच्या माळावर दोघं बरोबर पळत होते. त्या दिवशी चंदन पुढे गेला. चांगला दोन अंगं, म्हणजे दोन घोड्यांच्या लांबीइतका पुढे. सुलतानने दिवसभर चंदीच्या दाण्याला तोंड लावलं नाही. साहेबांनी मला बोलावलं.

"मोठ्या घोड्याचं मन मोडता कामा नये. शेवटच्या फर्लांगात सुलतान बाजूला आला की चंदनचा लगाम आवळायचा. रोज."

आमच्या धंद्यात ही रीतच आहे. एक घोडा दुसऱ्याच्या सरावापुरता पळवतात. हुकूम साहेबांचा होता, मी आवळत गेलो. चंदन मान झटकायचा, दात खायचा. मला वाईट वाटायचं. म्हणून उतरलो की खिशातला गुळाचा खडा त्याला द्यायचो. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी त्याने मान झटकणं सोडलं. सुलतानच्या टापा बाजूला आल्या की तो आपणच हळू व्हायचा आणि माझ्या खिशाकडे तोंड वळवायचा. मला वाटलं, घोडा शहाणा झाला.

चाचांनी एकदा ते पाहिलं. "हारल्यावर गूळ देतो व्हय रे?"

"हरला नाही चाचा. मी थांबवला त्याला."

"ते तुला ठाव. त्याला कुठं ठाव हाय?"

मी हसण्यावारी नेलं. मला काढून टाकतील या भीतीत मी कायम असायचो. साहेब खूश आहेत एवढंच तेव्हा मला दिसत होतं.

शर्यतीच्या दिवशी चाचांनी चंदनची जड नाल काढून हलकी नाल ठोकली. अशी पातळ नाल फक्त शर्यतीपुरती मारतात. "फूल हाय बग," त्याचा खूर खाली ठेवत ते म्हणाले.

चंदन सुटला आणि वळणावरच सगळ्यांच्या पुढे गेला. असं पळताना मी त्याला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण मीच त्याला पळू दिलं नव्हतं. शेवटचा फर्लांग आला. मागून एक काळा घोडा निघाला. तसा साधाच, सुलतानच्या पासंगालाही न पुरणारा. त्याच्या टापा चंदनच्या बाजूला आल्या. चंदनचा कान वळला.

आणि तो हळू झाला.

शर्यतीसाठी त्याच्यावर बसलेल्या जॉकीने चाबूक उगारला, तो ओरडला. चंदनने काळ्या घोड्याला नीट वाट करून दिली, तो स्वतः दुसरा आला, आणि मान वळवून कठड्याशी उभ्या असलेल्या लोकांत मला शोधू लागला.

जॉकी तापून उतरला. "मी थांबवला नाही, साहेब! आपणच थांबला. सकाळी याचा सराव कोण घेतो, त्याला विचारा."

घोडा मुद्दाम थांबवला असा संशय आला की माणूस या धंद्यातून कायमचा उठतो. साहेब माझ्याकडे आले. "दामू, काय केलंस तू याला?"

चंदन माझा खिसा हुंगत होता.

तेवढ्यात चाचा खाली बसले. चंदनचा पुढचा पाय त्यांनी मांडीवर घेतला, आमच्याकडे पाठ केली. पकडीच्या एका हिसक्याचा आवाज मी ऐकला. मग पाय साहेबांना दाखवला. नाल वाकडी झालेली होती.

"माझा खिळा चुकला, साहेब. त्याला टोचलं आसंल. पोराला कशाला बोलता?"

त्याआधी नाल शाबूत होती. घोडा परत आल्या आल्या पाय मीच पाहिला होता. पण मी बोललो नाही.

"एवढी वर्षं झाली, कासम," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

खोलीवर गेल्यावर मी विचारलं, "चाचा, असं का केलंत?"

"नाल ठोकायला मला टांगेवाले हायती. तुला कोन हाय हितं?" एवढंच बोलून ते चुलीकडे वळले.

चंदन आता चिंचवड स्टेशनावर टांग्याला आहे. नाल त्याला चाचाच ठोकतात. परवा मी त्याच टांग्यात बसलो. मागून दुसरा टांगा बाजूला आला, तसा चंदन हळू झाला आणि त्याने मान वळवली. टांगेवाला वैतागून म्हणाला, "लई आळशी जनावर, राव." माझ्या खिशात गूळ नव्हता. असता तरी दिला नसता.

घोडा शिकवलेलं विसरत नाही. आपण काय शिकवतोय ते मात्र आपल्याला आधी कळायला हवं. मला ते चंदन टांग्याला गेल्यावर कळलं.

मी अजून त्याच तबेल्यात रायडर आहे. खरं सांगायचं ठरवून साहेबांसमोर उभा राहतो आणि सरावाचंच बोलून परत येतो. पण चाचा, एक दिवस मी ते बोलणार आहे. तुमचा खिळा चुकला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर सांगणार आहे. मग मला ठेवोत की काढोत.