चार रंगांचा गंज

आमच्या ढाणकीच्या शाळेत नवीन शिक्षक आला की त्याला आधी माझे किस्से सांगतात, मग टाइमटेबल देतात. मी ड्रॉइंगचा मास्तर. किस्से इतके साचलेत की आता मीच सांगून टाकतो. दुसरे सांगतात तेव्हा फार तिखट-मीठ लावतात.

सगळं झालं ते एका गंजापायी. गंज म्हणजे आपलं दूध तापवायचं पातेलं. मोबाइलवर पॉप आर्ट पाहिलं, एकच साधी वस्तू भडक रंगांत पुन्हा पुन्हा छापलेली, आणि डोक्यात किडा वळवळला! घरातला गंज समोर ठेवला, पोचे, डाग, कडेवर कोरलेलं नाव, सगळं हुबेहूब उतरवलं. लग्नाच्या पिशव्या छापणाऱ्या मित्राकडे जाऊन एकाच कागदावर चार गंज छापले. गुलाबी, पोपटी, पिवळा, निळा. आता एकच इच्छा होती. कोणीतरी म्हणावं, "सर, हे चित्र मले द्या."

*

बायको कणीक मळत होती. विचारलं, "हॉलमध्ये लावू?"

"एक गंज घासता घासता माह्ये हात दुखून राह्यले, अन् तुम्ही चार आणले!"

चित्र शाळेत गेलं.

*

हेडमास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. "वा सर, मेहनत दिसते!" मी फुगलो.

"हे आपण पोषण आहाराच्या खोलीत लावू. तिथं शोभून दिसेल."

*

तिथं खिचडी शिजवतात चंद्रकलाबाई. मी रोज काहीतरी निमित्त काढून डोकावायचो, पण बाई चित्राबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. महिन्याभरानं मीच निर्लज्जासारखं विचारलं.

"चांगलं हाय न सर. पण चारई गंज रिकामे काहून काढले? पोरं इचारतात, आज खिचडी नाही का?"

*

मग तपासणीला साहेब आले आणि चित्रासमोर थांबले!

"हे कोणी केलं?"

"मी, सर!" मी दोन पावलं पुढे.

"छान. भांडी स्वच्छ ठेवण्याचा संदेश बरोबर पोचतो."

मला चित्राखाली उभं करून फोटो काढला. हातात साबण देऊन!

*

गणिताच्या गावंडे मॅडम आमच्याच गल्लीत राहतात. एक दिवस त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, त्या पार घंटा होईपर्यंत. नाक लावून पाहिलं. मग वळून म्हणाल्या, "सर, हे चित्र मले देता?"

खरं सांगतो, डोळे भरून आले माझे. खाली सही ठोकली, फ्रेम करून दिली, वरून स्वतः जाऊन त्यांच्या हॉलमध्ये खिळाही मारला.

रविवारी त्यांनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. मी बायकोला मुद्दाम चित्रासमोरच्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, पाहू दे जरा, नवऱ्याची बाहेर किती कदर आहे! ती पाहता पाहता पांढरीफटक पडली. अर्धा चहा तसाच ठेवून उठली. "चला, घरी काम हाय."

रस्त्यात पेटलीच. "काहो, त्या गंजावरचं नाव वाचलं का कधी? सुमन गावंडे! तुम्हाले टायफॉइड झालता तवा त्यायनं त्याच्यात पेज पाठवली होती. वापस द्याचा राहून गेला. अन् तुम्ही त्यायच्या नावासकट चारदा छापला! वरून सही!"

मी नाव काढलं होतं, वाचलं नव्हतं. ड्रॉइंग मास्तरला अक्षरं म्हणजे नुसत्या रेघा! लाजेनं मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. बायकोनं गंज लख्ख घासला, शंकरपाळ्यांनी शिगोशीग भरला आणि माझ्याच हातात दिला. मी मान खाली घालून मॅडमच्या दारात उभा राहिलो. "माफ करा मॅडम, लक्षातच आलं नाही."

मॅडमनी गंज घेतला. एक शंकरपाळा तोंडात टाकला. भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा एक झाला, सर. बाकीचे तीन कवा आणता?"